कबड्डीचा पैसा आणि दुसरें गिऱ्हाईक

ज्या खेळाला आम्ही लहानपणीं हुतूतू म्हणत होतों आणि ज्याला आतां सर्वत्र कबड्डी म्हणतात, त्या खेळांत २०१४ सालापासून जो पैसा आला, त्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. माझा अधिकार बेताचाच. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण नाहीं आणि तालुक्यापुढें मी कधीं खेळलों नाहीं. परंतु वेल्हे तालुक्यांत, ज्याला आतां सरकारदरबारीं राजगड तालुका म्हणतात, आणि नंतर भोरास, मिळून तीसाहून अधिक वर्षें मीं मास्तरकी केली. शाळेंत खेळाचा स्वतंत्र शिक्षक नसल्यामुळें गणिताच्या मास्तराकडेच कबड्डीचा संघ आला, तो निवृत्तीपर्यंत माझ्याकडे राहिला.

आमच्या डोंगराळ भागांत मैदान ही वस्तु दुर्मिळ. तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याशीं पावसाळ्याचे चार महिने तर चिखलाखेरीज सपाट असें कांहीं नसतें. दिवाळीच्या सुमारास भात निघालें म्हणजे एखादें खाचर मागून घ्यावयाचें, धसकटें उपटावयाचीं, पाणी शिंपडून जमीन चोपावयाची आणि फक्कीनें तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा रेघा ओढावयाच्या. जत्रेंतल्या सामन्यांचें इनाम म्हणजे एक ढाल आणि पांचशें एक रुपये. रुपये संघाच्या जेवणांतच संपत. ढाल कोणाच्या घरीं ठेवावी यावरून पुढें वर्षभर भांडण चाले.

तरी पूर्वींचे खेळाडू केवळ हौसेखातर खेळत, असें जें आपण म्हणतों तें पूर्ण खरें नव्हे. त्यांनाहि बक्षीस हवें होतें. तें ढालींत नसून नोकरींत होतें. रेल्वे, पोलीस, बँका, मोठमोठे कारखाने यांचे संघ असत, आणि एखादा चढाई करणारा नजरेंत भरला कीं त्याच्या घरीं नोकरीचें पत्र येई. महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत, त्याहि याच विचारानें. शंकरराव तथा बुवा साळवी हे ज्या काळांत हा खेळ देशभर पोंचवीत होते, आणि १९७२ सालीं सदानंद शेटे यांना कबड्डींतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या काळच्या खेळाडूंचा संसार पगारावर चालला. देशांतल्या कबड्डीच्या मुख्य संस्थेच्या नांवांत ‘ॲमेच्युअर’, म्हणजे हौशी, हा शब्द आजहि आहे.

त्या हौशी संस्थेच्या मान्यतेनें २०१४ सालच्या मे महिन्यांत मुंबईस खेळाडूंचा लिलाव झाला. लिलाव हा शब्द माणसांना लावलेला ऐकून मला त्या वेळीं कसेंसेंच वाटलें. राकेशकुमार यांना पाटण्याच्या संघानें १२ लाख ८० हजारांस घेतलें, ती पहिल्या वर्षाची सर्वांत मोठी बोली. २६ जुलै रोजीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हां संघ आठ होते. २०१७ सालीं ते बारा झाले आणि विजेत्या संघाचें बक्षीस तीन कोटींवर गेलें. कोल्हापूर जिल्ह्यांतल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाई या तरुणाला २०१८ सालीं मुंबईच्या संघानें ३६ लाख ४० हजारांस घेतलें, आणि दुसऱ्याच वर्षीं तेलुगु टायटन्सनें १ कोटी ४५ लाखांस. चंदगड आमच्यासारखाच डोंगराचा आणि पावसाचा मुलूख. त्या बोलीची बातमी आली त्या आठवड्यांत, ज्यांना शाळेच्या संघांतून मीं दमछाक होते म्हणून वगळलें होतें, तींहि मुलें पुन्हां खाचरांत उतरलीं.

खेळहि बदलला, हें सांगितलें पाहिजे. मातीच्या जागीं रबराची चटई आली आणि पायांत बूट आले. चढाई तीस सेकंदांत संपवावयाची; लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळवावयाचा, नाहींतर बाद. निदानरेषा ओलांडून परत येत येत वेळ काढण्याची जी जुनी युक्ति होती, ती त्यामुळें गेली. मला प्रथम हें सर्व नापसंत होतें. विशेषतः ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटांत चढाई करणाराचा दम ऐकूं येत नाहीं, आणि दम हा तर या खेळाचा प्राण. परंतु कोपऱ्यांतल्या गड्यानें घोटा धरतांच साखळी कशी मिटते, हें शाळेच्या मुलांना मीं वीस वर्षें तोंडानें सांगितलें तें त्यांना एका संध्याकाळीं पडद्यावर समजलें. तेव्हां तक्रार करण्याचा मला फारसा हक्क नाहीं.

आतां पैशाकडे वळतों. येथें थोडें गोल्फचें उदाहरण घेतों. मी गोल्फ खेळलेलों नाहीं. येरवड्यास क्लबाच्या कुंपणाबाहेरून काय तें पाहिलें. पण गोल्फच्या जगांत २०२२ च्या जून महिन्यांत एक नवल घडलें. अमेरिकेंतल्या जुन्या पीजीए टूरसमोर सौदी अरबस्थानच्या पैशानें लिव्ह गोल्फ नांवाची दुसरी लीग उभी राहिली, आणि तिच्या पहिल्याच स्पर्धेंत अडीच कोटी डॉलर वांटले गेले. जुन्या संस्थेनें तिकडे गेलेल्या खेळाडूंना आपल्या स्पर्धा बंद केल्या. मात्र त्याचबरोबर २०२३ पासून आपल्या निवडक स्पर्धांचें बक्षीसहि दोन कोटी डॉलरपर्यंत वाढविलें. आपला अनिर्बाण लाहिरी २०२२ सालींच नव्या लीगकडे गेला. जे गेले त्यांना पैसा मिळाला, आणि जे गेले नाहींत त्यांचाहि भाव वाढला. आमच्या भोरच्या बाजूला इंद्रायणी तांदूळ पिकविणारा कोणीहि शेतकरी हें विनासायास समजेल. खळ्यावर एकच व्यापारी आला तर तो म्हणेल तो भाव. दुसऱ्याची गाडी नुसती बांधापर्यंत आलेली दिसली, तरी पहिला किलोमागें रुपया चढवितो.

कबड्डींतहि असें दुसरें गिऱ्हाईक आलें होतें, हें पुष्कळांच्या आतां लक्षांत नाहीं. न्यू कबड्डी फेडरेशन नांवाच्या वेगळ्या संस्थेच्या आधारानें २०१९ च्या मे महिन्यांत इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू झाली, आणि तिचे पहिले सामने आपल्या पुण्यास बालेवाडीलाच झाले. पुढें म्हैसूर आणि बंगळूर येथेंहि सामने झाले. त्याच्या आदल्या वर्षीं मूळ संस्थेच्या कारभाराविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयानें निर्णय देऊन तेथें प्रशासक नेमला होता, आणि जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारताचे पुरुष प्रथमच सुवर्णपदकावांचून परत आले होते. जुनें घर असें डळमळीत असतांना नवें उभें राहील, असें वाटण्यासारखी ती वेळ होती. परंतु नवी लीग एका हंगामापुढें गेली नाहीं.

त्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी, वय तेवीस, माझ्याकडे आला. डाव्या कोपऱ्याचा गडी. पकड अशी कीं घोटा हातीं लागला तर सुटणें नाहीं. नव्या लीगच्या निवडचाचणीस जावें कीं न जावें, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. एका खात्याच्या संघाकडून तो तात्पुरता खेळत होता आणि खेळाडूंच्या भरतीची वाट पाहत होता. मान्यता नसलेल्या लीगमध्यें खेळलास तर जिल्ह्याचें आणि राज्याचें दार बंद होईल, आणि राज्याचें प्रमाणपत्र नसेल तर नोकरी गेलीच समज, असें त्याला चार जाणत्यांनीं सांगितलें होतें. त्याचे वडील ओसरीवर खालीं मान घालून बसले होते. मीं त्याला सांगितलें, “बाबा रे, जाऊं नकोस.”

लीग बंद पडली तेव्हां गांवांत माझ्या शहाणपणाची स्तुति झाली. ती भरती मात्र त्याच्या वयाची मर्यादा उलटून जाईपर्यंत निघाली नाहीं. आतां तो चेलाडी फाट्यावरून टेंपो चालवितो. मला पाहिलें कीं गाडी थांबवून “गुरुजी, बसा” म्हणतो आणि पैसे घेत नाहीं. त्याच्या शेजारीं बसून मी अनेकदां हिशेब मांडला आहे. तो गेला असता तर एका हंगामाचे पैसे मिळाले असते आणि चारचौघांनीं त्याला पाहिलें असतें. न गेल्यानें तेंहि नाहीं आणि नोकरीहि नाहीं. गणिताचा मास्तर असून मीं जी नोकरी हातांत नव्हती ती जमेच्या बाजूला धरली.

गोल्फपटू आणि आमचा गडी यांच्यांतला भेद येथेंच आहे. गोल्फपटूवर जुन्या संस्थेनें बंदी घातली तरी त्याच्या घरच्या चुलीला धक्का लागत नाहीं. आमच्या गड्याची नोकरी, राज्याचा संघ, देशाचा संघ आणि लीग या चारहि दारांच्या किल्ल्या एकाच मान्यतेच्या जुडग्यांत आहेत. तेव्हां दुसरें गिऱ्हाईक येऊनहि त्याला माल विकतां येत नाहीं. लिलावांतले मोठे आंकडे वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. २०२३ च्या लिलावांत प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा पांच कोटींची होती. पवन सेहरावत यांच्यावर तेलुगु टायटन्सनें त्यांतले २ कोटी ६० लाख लाविले. ते त्या किंमतीचे खेळाडू आहेत यांत मला शंका नाहीं. पण उरलेला निम्म्याहून कमी पैसा बाकीच्या सगळ्या गड्यांत वांटावयाचा होता. शेवटच्या वर्गांतल्या खेळाडूची मूळ किंमत त्या वर्षीं नऊ लाख होती. आमच्या डोंगरांत नऊ लाख थोडे नव्हेत. तथापि घोटा एकदां मुरगळला कीं पुढच्या वर्षीं ते मिळतीलच असें नाहीं, आणि खेळाडूच्या आयुष्यांत अशीं वर्षें फार तर सातआठ.

निवृत्तीनंतरहि शाळेनें मला हिवाळ्यांत बोलावणें सोडलेलें नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत मुलींच्या संघासाठीं खाचर आंखीत होतों. मुलींचें मैदान थोडें लहान, बारा मीटर बाय आठ. नववींतली एक मुलगी दोरीचें दुसरें टोक धरून उभी होती. ती म्हणाली, “गुरुजी, मुलींचा लिलाव कधीं असतो?” मीं तिला सांगितलें, कीं २०१६ सालीं प्रो कबड्डीच्या जोडीनें मुलींचे तीन संघ खेळविले होते, एकीकडे अभिलाषा म्हात्रे, दुसरीकडे तेजस्विनीबाई, तिसरीकडे ममता पुजारी अशा कर्णधार होत्या, आणि अंतिम सामना अवघ्या एका गुणानें सुटला होता. २०२३ सालीं चीनमध्यें आशियाई सुवर्णपदकाचा सामनाहि आपल्या मुलींनीं एकाच गुणानें जिंकला, तेंहि सांगितलें.

“मग ते तीन संघ पुढच्या वर्षीं खेळले का?” तिनें विचारलें.

“नाहीं.”

तिनें दोरी ताणून धरली आणि फक्कीची पाटी माझ्याकडे सरकविली.