आईच्या नावाचा रकाना

(युवा शिबिरातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'बाळाचा पासपोर्ट'. मी म्हटलं, यावर भाषण कसलं करायचं? पण या पासपोर्टावरून आमच्या घरात जे घडलं, त्यात चूक माझी होती. तेव्हा सांगायचंही मीच.

2022 साली आम्हाला मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना दोह्याहून फोन आला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं होतं. नवरा नोकरीवर, दोन मुलं शाळेत, घरात बघायला कुणी नाही. बायको म्हणाली, "मी जाते." बाळ अंगावर पिणारं, म्हणजे तेही जाणार. पूर्वी मुलांची नावं आईबापाच्या पासपोर्टात घालत. आता तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

मी त्याच रात्री ऑनलाइन अर्ज भरला. अठरा वर्षांखालच्यांना 36 पानी पासपोर्टासाठी 1000 रुपये फी, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट. सोबत जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, आम्हा दोघांचे पासपोर्ट आणि दोघांच्या सह्यांचं 'परिशिष्ट डी'. हे साध्या कागदावर चालतं, नोटरी लागत नाही. विवाह प्रमाणपत्राची अटही डिसेंबर 2016 मध्ये निघाली. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो मात्र आपणच न्यायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, 4.5 बाय 3.5 सेंटिमीटरचा. लेकीला पांढऱ्या चादरीवर निजवलं, बायकोनं खुळखुळा वाजवला, तेव्हा कुठे तिनं एकदाचं समोर बघितलं.

केंद्रावर अधिकाऱ्यानं जन्मदाखला पाहिला, मग बायकोचा पासपोर्ट, मग पुन्हा दाखला. दाखल्यावर आईच्या रकान्यात बायकोचं नाव, पुढे माझं नाव, माझं आडनाव. पासपोर्टात तिचं नाव, पुढे तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तिनं लग्नानंतर नाव बदललेलं नाही. पदवी, पॅन, बँकेचं खातं, सगळीकडे तेच आहे. अधिकारी म्हणाले, "कागदावर या दोन वेगळ्या बाया आहेत. आधी दाखला दुरुस्त करून आणा."

दवाखान्यातला जन्माचा फॉर्म मी भरला होता. फॉर्ममध्ये चुकीची माहिती शिरू नये, हे बघण्याचा मला पगार मिळतो. बायको दहा पावलांवर वॉर्डात होती. मला तिला विचारावंसं वाटलंच नाही. आमच्या घरी सुनेचं नाव असंच घेतात, तसं हातातून उतरलं.

जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "तू मला विचारायचं होतंस."

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. त्याच्या कलम 15 खाली नोंदीतली चूक दुरुस्त होते. आम्ही अर्ज केला, प्रतिज्ञापत्र जोडलं, तिच्या पासपोर्टाची प्रत जोडली. दुरुस्त दाखला हातात यायला सात आठवडे गेले. तोवर ऑपरेशन उरकलं होतं. बहिणीला दवाखान्यातून घरी आणलं ते शेजारच्या मल्याळी बाईंनी. बायकोनं ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि मीही समजूत घालायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

एक गोष्ट मला नंतर सुचली. आमच्या निकाहनाम्यात तिचं नाव वडिलांच्या नावासह आहे. त्या कागदावर माझी सही आहे. हजरत खदीजा लग्नानंतरही खदीजा बिन्ते खुवैलिदच राहिल्या, हजरत आयेशा आयेशा बिन्ते अबूबक्रच. म्हणजे मी जे केलं ते दीनमध्ये नव्हतं आणि कायद्यातही नव्हतं. ती नुसती सवय होती. कुणाला सासरचं नाव लावायचं असेल तर खुशाल लावावं, पण ते तिनं ठरवावं.

आता कामाचं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची. आपल्याकडे नाव सातव्या दिवशी, अकीक्याला ठेवतात. तोवर बाळाचं नाव कोरं ठेवून नोंद करता येते, आणि वर्षभरात नाव फुकट घालता येतं. फॉर्म भरताना दोघांचे पासपोर्ट किंवा पॅन समोर ठेवा. 'शेख' इंग्रजीत कुणी 'एआय'नं लिहितं, कुणी 'ईआय'नं, कुणी दोन 'ई'नं. 'मोहम्मद'चं कुणी 'एमडी' करून टाकतं. तुमच्या कागदांवर जे आहे तेच अक्षरन् अक्षर लिहा, आणि सही करण्याआधी बाळाच्या आईला वाचायला द्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना तर पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो.

माझ्या अब्बांचा वाढदिवस 1 जून, शाळेत गुरुजींनी लावलेला. त्या पिढीचं निभावलं. आज आपल्या वस्तीत कागद म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि तो का येतो हे इथे कुणाला समजावायला नको. पण घाबरलेला माणूस काउंटरवर मिळेल तो कागद घडी करून खिशात घालतो, वाचत नाही. 1967 पर्यंत पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात धरला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. आपण काउंटरवर जातो ते या हक्कानं. तेव्हा तिथेच उभं राहून वाचा, आणि चूक असेल तर तिथेच सांगा.

लेकीचा पासपोर्ट अखेर आला. शेवटच्या पानावर आईचं नाव बरोबर होतं. बायकोनं ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तिका कपाटात ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात मायलेकी दोह्याला जाऊन आल्या. ऑपरेशनच्या वेळी जे जाणं व्हायचं होतं, ते मात्र राहिलंच.