महानदीचे उद्याचे पाणी



महानदीला हिमनदीचा आधार नाही. धमतरी जिल्ह्यातील सिहावा येथे ती उगम पावते, राजिमला पैरी व सोंढूर यांचे पाणी घेते आणि पुढे ओडिशात जाते. रायपूरजवळून वाहणारी खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. या साऱ्या नद्यांचे भांडवल एकच : पावसाळ्याचे चार महिने. पावसाची चाल बदलली, की नदीचे सारे वर्ष बदलते.

हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी थोड्या अवधीत जोराचा पाऊस कोसळण्याची शक्यता बळावते. असे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही; पूर होऊन निघून जाते. उन्हाळ्यात मात्र बाष्पीभवन वाढते आणि नदीला मिळणारा पाझर आटत जातो. महानदी खोऱ्याविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दुहेरी चित्र आहे. शतकाच्या अखेरच्या पर्वात सप्टेंबरमधील कमाल प्रवाह सुमारे ३८ टक्क्यांनी वाढेल, तर त्याआधीच्या पंचवीस वर्षांत एप्रिलचा प्रवाह जवळजवळ एक-तृतीयांशाने घटेल, असे त्याचे अनुमान आहे. पुढील अभ्यासांत आकडे बदलू शकतील; परंतु हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

खरा पेच धरणांपुढे आहे. १९२३ चे मुरुमसिल्ली काय किंवा १९७८ चे गंगरेल काय, ती गतकाळच्या पावसाच्या भरवशावर उभी राहिली. सप्टेंबरमध्ये गंगरेल काठोकाठ भरून ठेवावे, तर उशिराच्या पुराला जागा उरत नाही. रिते ठेवावे, तर उन्हाळ्यात रायपूरचे नळ आणि धानाची शेते यांना पाणी कोठून द्यावे? खालच्या अंगाला हिराकुद आहे आणि दोन राज्यांमधील पाण्याच्या तंट्यासाठी २०१८ साली लवाद नेमावा लागला.

यावर उपाय एकाच ठिकाणी नाही. बूढा तालाब, तेलीबांधा यांसारखे तलाव जपणे, उगमाकडील वनराई राखणे, उन्हाळी धानाऐवजी कडधान्ये घेणे, अशा अनेक लहान कामांतूनच पाणी मुरेल आणि उरेल.

शाळेने साठ वर्षे पूर्ण केली. आज पहिलीत बसलेले मूल आणखी साठ वर्षांनी आजोबा वा आजी झालेले असेल. अभ्यासकांनी सांगितलेला तो एप्रिल त्याला प्रत्यक्ष पाहावा लागेल. त्या वेळी महादेव घाटावर खारूनला पाणी असावे, ही तजवीज आजच्या पिढीलाच करावयाची आहे.