तार खालून वर चढवावी

मी कविता लिहितो, पण घर चाललं ते मिरजेतल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानावर. रेडिओ कमी झाले, तसा मी शेतीपंपांच्या टायमरचे सर्किट बोर्ड करू लागलो. एका बोर्डाला दोनशेच्या वर भोकं, बहुतेक ०.८ मिलिमीटरची. सगळी हातानं पाडायचो. पन्नाशी उलटली आणि हात थरथरू लागला. कार्बाइडचं बारीक ड्रिल जरा तिरकं दाबलं की तुटतं. एका दुपारी सात तुटली. त्या संध्याकाळी दुकान बंद करायचं ठरवलं.

मुलगी म्हणाली, "अब्बा, हात थकलाय, डोकं कुठं थकलंय?"

मग आम्ही दोघांनी यंत्र जुळवलं. जुन्या प्रिंटरच्या गुळगुळीत दांड्या, तीन स्टेपर मोटारी, आठ मिलिमीटरचे आट्यांचे रॉड आणि हुकूम सोडायला आर्डुइनोचा बोर्ड. मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, तेवढ्यात नट १.२५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक पाऊल ०.००६२५ मिलिमीटरचं! आम्ही खूश.

पहिल्याच बोर्डानं गर्व उतरवला. चिपच्या पायांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर हवं. जाताना भोकं नेमकी पडायची, परत फिरताना सरकायची. नट आणि आट्यांमध्ये किंचित सैल जागा असते. दिशा बदलली की मोटार फिरते, पण टेबल क्षणभर जागचं हलत नाही. नवे महागाचे स्क्रू घेण्याइतके पैसे नव्हते.

शेजारचे सतारमेकर चाचा चहाला आले होते. सारं ऐकून म्हणाले, "तार जास्त चढली तर उतरवत स्वरावर आणू नये. आणखी खाली न्यावी आणि चढवत आणावी. मग ती टिकते."

मुलीनं त्याच रात्री प्रोग्राम बदलला. आता प्रत्येक भोकाकडे टेबल एकाच बाजूनं येतं. उलट यायचं असेल तर थोडं पुढं जाऊन परततं. दुसऱ्या दिवशी चाळीस पायांची चिप एका दाबात बसली. खर्च शून्य.

दुकान अजून उघडं आहे. ड्रिल अजूनही तुटतं, पण महिन्याला एखादं. हात थरथरतोच. त्यानं आता कविता लिहितो. अक्षर वाकडं आलं, तरी तिथं काही तुटत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)