जुना नकाशा कुणाचा?



आपले मुदखेड जागचे हलले नाही. सरकारे मात्र बदलली. 1948 पर्यंत निजामाचे संस्थान, 1956 पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र. गावाचा इतिहास लिहावयास बसलो की जुना सरकारी नकाशा छापावा की नाही, या प्रश्नाशी आम्ही अडतो. कुणी म्हणतो, सरकारचा म्हणजे सर्वांचाच. कुणी म्हणतो, हात लावू नका. दोघेही चुकतात.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आज सरकारी कृतीवरील हक्क साठ वर्षे टिकतो. ही वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून मोजावयाची. म्हणजे 1960 साली निघालेला नकाशा 2020 च्या अखेरीस मोकळा झाला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर पाहणीचे वर्ष निराळे आणि प्रकाशनाचे निराळे असते. फसगत होते ती इथेच. सुधारित आवृत्तीतील नव्या भागाची मुदतही वेगळी. शिवाय नकाशा गोपनीय ठरवलेला असेल, तर हक्क संपल्याने ते बंधन सुटत नाही.

जुन्या वाटा, ओढे आणि गावांची नावे पुष्कळदा या कागदांवरच उरली आहेत. भीतीपोटी ती पेटीत कुजू देऊ नयेत, आणि बेफिकिरीने छापूही नयेत. आधी नकाशाचा समास वाचावा. मग आपले गाव मुलांच्या हाती द्यावे.