जुनी नौका आणि नवा मालक



वाशी, नेरूळ, बेलापूर ही आपली उपनगरे खाडीच्या काठी वसली खरी. परंतु खाडीशी आपला संबंध मात्र आगगाडी पुलावर आली म्हणजे खिडकीबाहेर पाहण्यापुरताच. अशा गावात आम्ही चार स्नेह्यांनी मिळून बत्तीस फूट लांबीची, तिशी उलटलेली शिडाची नौका विकत घेतली, तेव्हा भेटेल तो एकच प्रश्न विचारू लागला : पहिलीच नौका, आणि ती जुनी? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज विचार आहे.

प्रथम नौका म्हणजे नेमके काय, ते सांगितले पाहिजे. मध्यम आकाराची प्रवासी नौका साधारण तीस ते चाळीस फुटांची असते. चार माणसांना निजायला जागा, लहानसे स्वयंपाकघर, वारा पडला तर उपयोगी यावे म्हणून डिझेलचे इंजिन, आणि तळाखाली शिशाचा किंवा बिडाचा जड कणा. या कण्याच्या वजनामुळेच ती वाऱ्याने कलली तरी पुन्हा उभी राहते. आता कोणी म्हणेल, थोडी मोठीच घ्यावी. परंतु गणित लक्षात घ्या. त्याच घडणीची नौका लांबीने दुप्पट केली, तर तिचे वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि शिडाचे क्षेत्रफळ चौपट. शीड आवरणारे हात मात्र तेवढेच राहतात. शिकाऊ मालकाने मध्यम आकारावर थांबावे, ते यासाठी.

जुना बैल घेताना शेतकरी दात पाहतो आणि चार पावले चालवूनही पाहतो. नौकेचे तसेच आहे. फायबरग्लासचे अंग वर्षानुवर्षे टिकते. पण पाण्याखालच्या भागावर फोड आले आहेत काय, ते नौका जमिनीवर काढूनच पाहावे लागते. वरच्या तक्तपोशीत दोन थरांमध्ये हलके लाकूड घातलेले असते. त्यात पाणी मुरले तर पायाखाली ते दबते आणि ठोकून पाहिल्यास आवाज बद्द येतो. कण्याचे बोल्ट, सुकाणूची बैठक, तळातील भोकांना लावलेल्या तोट्या, एकेक तपासावी. एक तोटी तुटली तरी समुद्र आत येतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत दिसतात आणि टोकाच्या खोबणीत आतून गंजतात. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात, असा जाणत्यांचा सल्ला असतो. ही तपासणी मालक होऊ पाहणाऱ्याने नव्हे, तर त्रयस्थ तज्ज्ञाने करावी. प्रेमात पडलेल्या माणसाला दोष दिसत नाहीत, हे विवाहाच्या बाबतीत आपण जाणतोच!

तपासणीत नौका उतरली म्हणजे झाले, असे नाही. पुढचा प्रश्न तिला ठेवायचे कोठे? तिचा कणा पाण्यात पाच-सहा फूट खोल जातो आणि आपल्या खाडीत ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. डोलकाठी पाण्यापासून चाळीस-पन्नास फूट उंच असते. सबब आपल्या धक्क्यापासून खुल्या समुद्रापर्यंत किती पूल आहेत आणि ऐन भरतीला त्यांच्याखाली किती उंची उरते, हे पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे.

भरतीचा हिशेब आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना पंचांगावरून करता येतो. तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. सरकारी कोष्टक हाताशी असावेच. पण हा ठोकताळा डोक्यात असलेला माणूस सहसा गोंधळत नाही. शिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भांगाच्या दिवसांत रुतलेली नौका पुढच्या भरतीला बहुधा सुटते. उधाणाच्या ऐन भरतीला रुतलेली नौका मात्र पुढल्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, अडकून पडू शकते. कारण मधल्या भरत्या तितक्या चढत नाहीत.

नंतर येतो पावसाळा. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी आपल्या होड्या ओढून शाकारून ठेवतात. तो रिवाज अनुभवातून आलेला आहे. या काळात आमचीही शिडे घडी करून घरी येतात आणि नौका जमिनीवर चढते. ही चढउतार, विमा, नोंदणी, रंग, दोरखंड, इंजिनाचे तेल, हा खर्च नौका हलो वा न हलो, दरसाल येतोच. खरेदीची रक्कम हा केवळ पहिला हप्ता. ज्याची सारी शिल्लक खरेदीतच संपते, त्याने ही खरेदी करू नये. आम्ही चौघे आहोत ते याचसाठी. भागीदारीचा करार मात्र मैत्री असली तरी लेखी करावा.

इतके असताना जुनीच का? १९८५ ते १९८७ या काळात आपल्या सेनेच्या अभियंता दलाने ‘तृष्णा’ या सदतीस फुटी नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयांची ही पहिली नौकाप्रदक्षिणा. आणि ‘तृष्णा’ जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली होती! पुढे २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. ‘म्हादेई’ नवी होती, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. पण तिच्या बांधणीत दोंदे स्वतः गुंतले होते. दोन्ही उदाहरणांतून आम्ही एकच अर्थ घेतो. नौका किती वर्षांची आहे यापेक्षा तिचा खिळान् खिळा मालकाच्या ओळखीचा आहे काय, याला महत्त्व आहे. बांधणी पाहण्याचे भाग्य आपणा सामान्यांच्या वाट्याला येत नाही. जुनी नौका दुरुस्त करताना ती ओळख आपोआप होते. रात्री अंधारात इंजिन बंद पडले, तर कोणता झडप-खिळा कोठे आहे हे हाताला ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान पावतीबरोबर मिळत नाही.

म्हणून ज्याला नुसते मिरवायचे आहे, त्याने एखाद्या दिवसापुरती नौका भाड्याने घ्यावी; त्यात कमीपणा नाही. ज्याला शिकायचे आहे, त्याने आधी एखाद्या क्लबात दुसऱ्याच्या नौकेवर दोन हंगाम दोर ओढावेत, मग तज्ज्ञाला घेऊन जुनी नौका पाहावी, आणि खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला आहे ना, याची खात्री करून सही करावी. एवढी तयारी असलेली दहा माणसे जरी या शहरात निघाली, तरी खाडीकडे पाठ करून बसलेले हे गाव थोडेसे तिच्याकडे वळेल.