कादंबरीकाराचे गणगोत



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र जमून चार विचार ऐकण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ती पुढे गावोगाव पसरली आणि पुणे रस्त्यावरील आपल्या या केडगावापर्यंत येऊन पोहोचली. आजचा आमचा विषय कादंबरीकाराचा आहे. परंतु कादंबरीकाराइतकेच आम्ही त्याच्या गणगोताविषयी बोलणार आहोत. हे गणगोत रक्ताचे नव्हे. लिहिणारा ज्यांच्यात वाढतो, ज्यांच्यासाठी लिहितो आणि ज्यांच्या कामाला आपला वेळ देतो, ते हे गणगोत होय.

प्रारंभी एक जुनी गोष्ट सांगतो. व्याख्यानमालेनंतर तीनच वर्षांनी, १८७८ साली, रानडे आणि लोकहितवादी यांनी मराठी ग्रंथकारांना पुण्यात एकत्र बोलावले. आजच्या साहित्य संमेलनाचा उगम तो. अशीच दुसरी सभा १८८५ साली भरली आणि तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले. जोतीरावांनी नकार कळवला. त्या पत्राचा आशय असा, की ज्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची दखल नाही, त्या पुस्तकांच्या सभेशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही. आमचा विचार आम्हीच करू. ही रागाच्या भरात केलेली अडवणूक नव्हती. साहित्यिकांचे गणगोत म्हणजे नेमके कोण, हा त्यातला प्रश्न होता. तो प्रश्न आज मिटला आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण त्याला उत्तर देणारी माणसे याच मातीत निपजली, हे मात्र सांगता येईल. त्यांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातले आहेत. त्यांचे नाव प्रा. रंगनाथ पठारे.

पठारे यांचा जन्म १९५० सालचा, पारनेर तालुक्यातील जवळे या गावचा. पारनेर म्हणजे नगर तालुक्याच्या शेजारचा, सेनापती बापटांचा तालुका. तिकडची जमीन आणि तिकडचा पाऊस केडगावकरांना आम्ही काय सांगावा? पुढे त्यांनी संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. मराठीचा प्राध्यापक कादंबरी लिहितो, यात कोणाला नवल वाटत नाही. पण दिवसा विद्यार्थ्यांना प्रकाशाचे आणि उष्णतेचे नियम समजावणाऱ्या गृहस्थाने रात्री माणसांच्या मनाचा ठाव घ्यावा, याची आपल्याकडे थोडी मौज वाटते. वास्तविक दोन्ही कामांना एकच गुण लागतो. तो असा, की समोर जे दिसते ते आधी नीट पाहायचे आणि मग बोलायचे.

आता जवळे आणि संगमनेर या दोन गावांकडे थोडे लक्ष द्यावे. आपला जिल्हा एक म्हणायचा, पण त्यात दोन मुलुख नांदतात. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरी यांचे कालवे आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या काठी ऊस उभा राहिला. मग सहकारी साखर कारखाने आले, त्यांच्या मागोमाग शाळा-महाविद्यालये आली, आणि त्यांच्याबरोबर नव्या धर्तीचे पुढारीही आले. दक्षिणेकडे पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला भाग. एका मुलुखातली माणसे ऊस लावतात आणि दुसऱ्या मुलुखातली माणसे कोयता घेऊन ऊस तोडायला जातात. पठारे जन्मले कोरड्या मुलुखात आणि नोकरीला राहिले प्रवरेच्या काठी. एकाच जिल्ह्याची ही दोन रूपे ज्याने अंगावर वागवली, त्याला समाज कसा हलतो हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागले नाही.

‘दिवे गेलेले दिवस’ ही त्यांची कादंबरी १९८२ सालची. तिच्यामागे आणीबाणीचा काळ उभा आहे. पुढे ‘चक्रव्यूह’, ‘हारण’, ‘दुःखाचे श्वापद’, ‘नामुष्कीचे स्वगत’ अशा कादंबऱ्या आल्या. ‘ताम्रपट’ ही त्यांची मोठी कादंबरी १९९४ साली निघाली आणि १९९९ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले. तो मान घेताना कितीतरी वृद्धांचे डोळे भरून आले असतील. पण ज्या स्वराज्यासाठी तुरुंग पाहिला, त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न तांब्याच्या पत्र्यावर कोरता येत नाही. तो कादंबरीतच मांडावा लागतो. ध्येयवाद, सत्ता, सहकार आणि शिक्षणसंस्था यांची गुंतागुंत ज्यांनी आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांना या कादंबरीची पाने परकी वाटणार नाहीत.

त्यानंतर २०१९ साली ‘सातपाटील कुलवृत्तांत’ आली. एका मराठा कुळाच्या पिढ्या घेऊन ही कादंबरी खिलजीच्या काळापासून आजवरची सुमारे सातशे वर्षे चालत येते. कुलवृत्तांत हा प्रकार आपल्याला माहीत आहे. त्यात पुरुषांची नावे असतात, वतनांची नोंद असते आणि मोठेपणाचा पाढा असतो. कादंबरीकाराने तोच साचा हाती घेतला आणि त्यात सामान्य माणसांची धडपड भरली. असे करण्यासाठी आपल्या कुळावर प्रेम असावे लागते आणि त्या प्रेमाने डोळे मिटू नयेत एवढे धैर्यही असावे लागते.

अशा लेखकाला ‘प्रादेशिक’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या शब्दाशी आमचे भांडण नाही. श्री. ना. पेंडशांचे दापोलीकडचे कोकण, व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश, उद्धव शेळक्यांचे वऱ्हाड, रा. रं. बोराडे यांचा मराठवाडा यांनी मराठी कादंबरी श्रीमंत केली. हिंदीत फणीश्वरनाथ रेणूंनी १९५४ साली ‘मैला आँचल’मध्ये बिहारचा एक मागास भाग उभा केला, इंग्लंडात हार्डीने आपल्या डॉर्सेट परगण्याभोवतीच सगळे विश्व रचले. आमची तक्रार एवढीच, की सदाशिव पेठेत किंवा दादरला घडणाऱ्या कादंबरीला मात्र कोणी प्रादेशिक म्हणत नाही. पेठ हाही प्रदेशच आहे! ज्याने मोजायचे तो स्वतःला मोजत नाही, हा जगाचा रिवाजच दिसतो. जोतीरावांनी विचारलेला प्रश्न असा वेष बदलून पुन्हा दारात उभा राहतो.

आता गणगोताकडे वळू. लेखक एकांतात लिहितो हे खरे. पण तो एकांत कोणीतरी राखलेला असतो. तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले नसते, तर खेड्यातली किती हुशार मुले लिहिती झाली असती? १९६० नंतर खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच शिकलेली पिढी बाहेर पडली आणि ग्रामीण व दलित साहित्याला जोर आला, हा योगायोग नव्हे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली निघाली आणि बोलल्यासारखे लिहिण्याची भीती मोडली. हेच नेमाडे काही काळ आपल्या नगरला शिकवत होते. मराठी ग्रंथ पुण्या-मुंबईतच निघतो ही समजूतही आपल्या जिल्ह्याने मोडली. ‘सातपाटील कुलवृत्तांत’ प्रसिद्ध केली ती श्रीरामपूरच्या ‘शब्दालय’ने. १९९७ साली ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन नगरला भरले. हे सगळे धागे मिळून लेखकाचे घर विणले जाते.

पण घराला लेखकाने काय दिले? येथे पठारे यांच्या आयुष्यातले एक काम आम्ही मुद्दाम सांगणार आहोत. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१२ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष पठारे होते आणि समन्वयक प्रा. हरी नरके. भाषा दीड-दोन हजार वर्षे जुनी आहे, तिच्यात प्राचीन आणि मोलाचे वाङ्मय आहे, तिची परंपरा स्वतःची आहे, हे पुराव्यानिशी दाखवायचे होते. अभिमानाच्या घोषणा तेथे चालणार नव्हत्या. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, हालाची ‘गाथासप्तशती’, महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ आणि शके १२१२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात नेवासे येथे सांगितली गेलेली ‘ज्ञानेश्वरी’, असा हा प्रवास. महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश आणि मराठी ही एकाच भाषेची वाढती वये आहेत, असे या समितीने मांडले. अहवाल २०१३ साली पुरा झाला. त्यानंतर अकरा वर्षे तो फायलींतून फिरला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला तो दर्जा दिला. हरी नरके यांना मात्र तो दिवस पाहता आला नाही. २०२३ साली ते निवर्तले होते.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेही, की कादंबरीकाराने समित्यांत वेळ का घालवावा? तेवढ्या वेळात आणखी एखादी कादंबरी झाली असती. आम्हांलाही हा प्रश्न पडला होता. बैठका, मसुदे, टाचणे यांत लिहित्या हातांची किती वर्षे जातात ते आम्ही जवळून पाहिले आहे, आणि कित्येकांचे हात त्यात कायमचे थांबलेही आहेत. तो धोका लहान नाही. परंतु या कामानंतर त्याच लेखकाने सातशे वर्षांची कादंबरी दिली, ही गोष्ट आम्हांला बोलकी वाटते. भाषेचा दोन हजार वर्षांचा हिशेब मांडताना जे कळले असेल, ते वाया गेले असे कोणी म्हणावे? गणगोतासाठी दिलेला वेळ कधीकधी असा पिकासारखा परत येतो. नेहमी येतोच असे नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको.

आता शेवटचे आणि आपल्या घरचे. दर्जा मिळाला, आनंद झाला, पेढे वाटले. पण भाषा दर्जावर जगत नाही. केडगाव एके काळी शेतकऱ्यांचे खेडे होते. आज ते महापालिकेच्या हद्दीत आहे. रेणुकामातेच्या देवळाभोवती जिथे शेते होती, तिथे वसाहती उठल्या. यात रडण्यासारखे काही नाही. मुलांना शिक्षण मिळाले, नळाला पाणी आले. पण मोट गेली, आणि तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही गेले. परवा आम्ही एका शाळेतल्या मुलांना थारोळे म्हणजे काय असे विचारले. एका मुलाने सांगितले की ते रक्ताचे असते. वर्तमानपत्रात त्याने तेवढेच वाचले होते. मोटेचे पाणी जिथे ओतले जाते ती जागा म्हणजे थारोळे, हे सांगायला त्याच्या घरी आजोबा होते. पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

उद्याचा कादंबरीकार कदाचित याच मुलांत बसलेला असेल. त्याला पुरस्कार पुढे कोणी ना कोणी देईल. आज त्याला शब्द देणे हे आपले काम आहे. म्हणून आमचे मागणे लहान आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना या उन्हाळ्याच्या सुटीत बोलते करा, आणि त्यांच्या तोंडचे शंभर शब्द मुलांकडून वहीत लिहून घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचे एक पुस्तक विकत घ्या आणि वाचून झाले की गावच्या वाचनालयात द्या. पठारे यांचे पटले नाही तर तसे त्यांना कळवा. गणगोतात भांडण असतेच, अबोला तेवढा नसावा.

जोतीरावांनी ज्या सभेकडे पाठ फिरवली, तिचे दार आज पुष्कळ रुंद झाले आहे. ते पुरते उघडे राहील की नाही, हे व्यासपीठावर बसणाऱ्यांपेक्षा समोर बसणाऱ्यांवर अधिक अवलंबून आहे.