सर्वांत मोठा सेनापती कोणाला म्हणायचे?



जगातला सर्वांत मोठा सेनापती कोण, हा वाद आपल्याकडे चहासोबत रोज रंगतो. कोणी सिकंदर म्हणतो, कोणी चंगेजखान. आपल्यातल्या बहुतेकांचे उत्तर मात्र ठरलेले असते : हजरत खालिद बिन वलीद (रजि.).

२०१७ मध्ये एका अमेरिकन विश्लेषकाने विकिपीडियावरच्या हजारो लढायांची माहिती गोळा करून सेनापतींना गुण दिले. पहिला आला नेपोलियन. माझे काम सॉफ्टवेअरचे, त्यामुळे मला अशा याद्यांची मेख माहीत आहे. तक्त्यात जो रकानाच नसतो, तो निकालातही येत नाही.

खालिद (रजि.) यांच्याच आयुष्यातले तीन प्रसंग बघा.

पहिला, इ.स. ६२९, आजच्या जॉर्डनमधले मुता. एकामागून एक तीन सेनानायक शहीद झाले आणि झेंडा खालिद यांच्या हाती आला. त्यांनी उरलेली फौज सुखरूप मागे आणली. मदिनेत लोकांनी परतलेल्यांना पळपुटे म्हणून हिणवले, पण प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 'अल्लाहची तलवार' हा किताब याच माघारीशी जोडलेला आहे. गुणांच्या तक्त्यात माघारीला काय मिळते? शून्य.

दुसरा प्रसंग आपण सहसा सांगत नाही. इ.स. ६३०, मक्का जिंकल्यानंतर. खालिद यांना बनू जझीमा टोळीकडे पाठवले ते लढायला नव्हे, इस्लामचे निमंत्रण द्यायला. तिथे कैद्यांना मारण्याचा हुकूम सुटला. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो पाळायला साफ नकार दिला. बातमी पोहोचली तेव्हा प्रेषितांनी हात वर करून, खालिदने जे केले त्याच्याशी माझा संबंध नाही, असे अल्लाहपुढे दोनदा सांगितले. हजरत अली (रजि.) यांना पाठवून मृतांची भरपाई दिली गेली. जिंकणारा आपला आहे म्हणून त्याचे कृत्य झाकले नाही.

तिसरा प्रसंग. हजरत उमर (रजि.) खलिफा झाले आणि त्यांनी खालिद यांना सरसेनापतिपदावरून हटवले. पुढे सैन्यातूनही मुक्त केले. विजय खालिदमुळेच मिळतो, असे लोक समजू लागले होते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. खालिद तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. त्यांनी बंड केले नाही. अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली ते लढत राहिले.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ५३ ने सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे दिले आहे आणि त्याचा वापर कायद्याने बांधला आहे. तलवार कितीही धारदार असो, तिची मूठ कायद्याच्या हातात हवी.

आज मोबाइलवर घोडा, तलवार आणि जोशपूर्ण संगीत असलेले व्हिडिओ दोन्हीकडून फिरतात. 'आमचा सेनापती' आणि 'तुमचा सेनापती' असे म्हणत आपली पोरे एकमेकांवर चवताळतात. त्यातून ना नोकरी मिळते, ना वस्तीत शांतता राहते.

म्हणून पुढच्या वेळी वाद रंगला की किती लढाया जिंकल्या, एवढ्यावर थांबू नका. त्याला जाब विचारणारा कोणी होता का, आणि त्याने तो जाब मानला का, हेही विचारा. शिवाय अब्दुल्लाह बिन उमर यांचे नाव काढा. ते सेनापतींच्या कुठल्याच यादीत नाहीत. पण हातात कैदी आणि कानावर हुकूम असताना 'नाही' म्हणायला जे धैर्य लागते, ते आपल्या मुलांना आधी शिकवू या.